कारण : चारपैकी एक

मयताचे नाव. निंगप्पा सिद्धप्पा बिराजदार.

वय. सव्वीस.

मृत्यूचे ठिकाण. तुरुंग, असं थोरल्या भावानं, रुद्रप्पानं सांगितलं. पहाटे फाशी दिलं.

त्रिंबकराव कारकुनांचं पेन थांबलं. सोलापुरात पुरायचा पास त्यांच्या सहीनं मिळे. फाशीचं प्रेत त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आलं होतं.

प्रेत बाहेर टेम्पोत, बर्फाच्या लादीवर. त्यांच्या गावानं, मैंदर्गीनं, आमच्यात पुरायला नको म्हटलेलं. इथल्या स्मशानात खड्डा तयार होता, विधी करणारे जंगमस्वामी येऊन बसले होते. दिवस मावळला की मी उठणार, असं त्यांनी बजावलं होतं. जीव दिलेल्याचं मी करत नाही, हेही.

मृत्यूचे कारण. छापील चार : आजार, अपघात, आत्महत्या, खून. एकावर खूण करावी.

आजार? आदल्या दिवशीच डॉक्टरनं तपासून धडधाकट म्हणून लिहून दिलं होतं. धडधाकट होता म्हणून तर...

अपघात? तारीख ठरलेली होती.

आत्महत्या म्हटलं तर स्वामी उठणार.

त्रिंबकरावांनी उरलेल्यावर खूण केली आणि खालची ओळ वाचली.

खून असल्यास, आरोपी सापडला काय?

"सापडला की," रुद्रप्पा म्हणाला. "त्योच टेम्पोत हाय."

त्रिंबकरावांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं. खून म्हटलं की पोलीस, पंचनामा. पास उद्या, परवा. बर्फाचं पाणी टेम्पोतून पायरीपर्यंत आलं होतं.

"मारलं कुणी, काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं. "तुम्हीच सांगा, बिराजदार."

रुद्रप्पानं त्या चार शब्दांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आजार लिवा."

"कसला?"

"मानेचा."

खून खोडलं. आजार. शिक्का.

बिराजदारांच्यात मेलेल्याला बसवून पुरतात, मांडी घालून, समोर बघत. निंगप्पाला खड्ड्यात बसवलं. पाठ टेकवली, कपाळाला भस्म लावलं. हात काढला, तसं डोकं छातीवर पडलं. सरळ केलं. खांद्यावर पडलं. स्वामींचा मंत्र मध्येच थांबला. वरची माणसं एकमेकांकडं बघेनात.

रुद्रप्पा खड्ड्यात उतरला. त्यानं दोन्ही हातांनी भावाचं डोकं धरलं, समोर केलं.

माती पडू लागली. त्याच्या घोट्यापर्यंत आली. गुडघ्यापर्यंत.

"रुद्रप्पा, वर ये आता."

"थांबा," तो म्हणाला. "मान धरलीय."