कपाळावर सरकवलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कुणी कधी भांग पाडला नाही. मी वाटीसारखा खोलगट, मधोमध भोक असलेला. नाकाच्या डॉक्टरने मला कपाळपट्टीवरून डोळ्यावर ओढायचे आणि भोकातून पाहायचे. पेशंटच्या खांद्यामागच्या दिव्याचा उजेड गोळा करून मी नाकपुडीत सोडतो.

माझे डॉक्टर आनंदा रोकडे. मुंबईत नाक-कान-घशाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९८६ साली अंबरनाथ पूर्वेला दवाखाना थाटला. पहिल्या दिवशी मला त्यांच्या कपाळावर बांधले ते त्यांच्या वडिलांनी, काडेपेटीच्या कारखान्यातल्या सोमांनी. म्हणाले, "मास्तर मला दाराबाहेर बसवायचा. वर्ग मी लांबूनच बघितला. तू कुणाला लांबून बघू नको, पोरा."

खरवईच्या शेतकऱ्यापासून उल्हासनगरच्या सिंधी शेठपर्यंत सगळ्यांची नाके मी पाहिली. डॉक्टरांचे नाव झाले आणि नावामागून घाई आली. आमच्याकडे कारखान्यांच्या वासाने निम्मे गाव शिंकते. मग मला कपाळावरच ठेवून डॉक्टर खुर्चीतूनच सांगू लागले, "कंपनीची हवा! थेंब घाला." बहुधा ते खरेही ठरे, म्हणून तर सवय जडली. मीही वर बसून मुकुटासारखा मिरवत होतो.

१९९३ साली भिमाबाई आपल्या सहा वर्षांच्या बकुळाला घेऊन आली. पोरीची एकच नाकपुडी वाहायची आणि तिच्यातून घाण वास यायचा. "कंपनीची हवा," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला भिमाबाई रडकुंडीला आली.

"साहेब, वास मारते म्हणून बाई हिला दाराशी बसवतात ओ. शाळेचं नाव काढलं की पलंगाखाली लपते."

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मला डोळ्यावर ओढले. उजेड आत गेला आणि दिसला पाटी पुसायच्या स्पंजचा कुजका तुकडा. बारीक आकड्याने त्यांनी तो हलकेच काढला.

"का गं कोंबलास हा?"

"वर्गात कंपनीचा वास यायचा ना."

"मग एकाच नाकात?"

"तुकडा एकच होता."

भिमाबाई रडता रडता हसली. डॉक्टर हसले नाहीत. "ताई, हिला दाराशी बाईंनी नाही, मी बसवलं," ते म्हणाले. "सोमाच्या पोरानं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधी ते शाळेत गेले. सगळ्या वर्गासमोर आपली चूक सांगून त्यांनी बकुळाला स्वतः आत, पहिल्या रांगेत बसवले.

आता दुर्बीण आली आहे आणि मी खिळ्याला लटकतो. माझ्यावर धूळ बसली तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, कुणाला दूर बसवण्याआधी एकदा जवळ जाऊन बघत जा. डॉक्टरांचा डोळा आणि मी, आमच्यात चारच बोटांचे अंतर होते. तेवढ्यापायी ती पोर दाराशी बसली.