राखणदाराने पेरलेलं गवत

मी एका जुन्या गवताची काडी आहे, मित्रांनो. जुनी आमची जात; माझं स्वतःचं आयुष्य जेमतेम पाच महिन्यांचं. पाऊस पडला की उगवायचं, कणीस धरायचं, ऊन तापलं की मरायचं. आमचं कणीस विळ्यासारखं वाकडं. वाळलं की त्याचे पेरापेराने तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात एक दाणा असतो. तो खाऱ्या पाण्यावर तरंगत जातो आणि चिखल दिसेल तिथे रुजतो. आम्ही इथले नव्हे. कुठल्याशा जहाजाने तोलासाठी भरून आणलेल्या आणि इथे टाकून दिलेल्या मातीतून माझी खापरपणजी या खाडीकाठी उतरली.

इथलं म्हणावं असं होतं जांभळ्या फुलांचं एक बुटकं झुडूप. जगात कुठेच नाही, फक्त खाडीच्या या बांधाखाली, आणि तीही सतराच रोपं उरलेली. बांधाचा म्हातारा राखणदार त्यांना पोटच्या पोरांसारखा जपायचा. आमच्याकडे तो ढुंकूनही बघत नसे.

मागच्या साली पाऊस संपून ऊन तापलं तशी रोपं करपू लागली. त्याच्या जिवाची नुसती तगमग झाली. शेजारी माझी आई पिवळी होऊन वाळत होती. त्याने तिला कापलं, हातात चुरून पाहिलं आणि म्हणाला, "मऊ आहे. सावलीला बरं." आमच्या घराण्याचं एवढंच काय ते कौतुक झालं. त्याने तिचा जाड थर रोपांच्या बुडाशी मायेने पसरला.

त्या थरात पिकलेले दाणे होते. त्यातलाच एक मी.

पाऊस पडला आणि आम्ही दाटीवाटीने उगवलो. रोपांना ना ऊन मिळालं, ना जागा. शहरात वनस्पतिशास्त्र शिकवणारी त्याची लेक आली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"बाबा, हे तुम्हीच पेरलंत."

तो गुडघ्यांवर बसून आम्हाला उपटू लागला. पण मुळांत मुळं गुंतलेली. आमच्या मुठीबरोबर रोपंही निघत गेली. शेवटचं रोप हाती आलं तेव्हा तो ते परत चिखलात दाबू लागला. लेकीने त्याचा हात धरला. "राहू द्या आता," ती म्हणाली.

त्याच्या हातून सुटलेल्या थोड्यांतली मी. मला माझीच किळस येते, पण उगवायचं नाही हे मला जमत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. मला हिरवी असताना, कणसाआधी, मुळासकट उपटा. उपटून कुठे टाकता तेही बघा. इथे मात्र हे ऐकायला कोणी नाही. राखणदार आता बांधावर येत नाही, आणि माझं कणीस पिकत चाललंय.