मागे राहिलेला टॅब

मी टॅब बोलतोय. चिमणीचा टॅब. काच कोपऱ्यात तडकली आहे, पाठीवर स्टिकरचे चिकट डाग आहेत, पण कान शाबूत आहेत. म्हणून तर हे सांगता येतंय.

चिमणीच्या आईने मला घरी आणलं तेव्हा चिमणी जेमतेम बसायला लागली होती. आईने पहिल्याच दिवशी स्वतःचं खातं माझ्यात उघडलं. तेव्हापासून तिने फोनवर काढलेला प्रत्येक फोटो दूर कुठेतरी क्लाउडमध्ये जायचा आणि तिथून माझ्यात उतरायचा. पहिलं पाऊल, पहिला गणवेश, सगळं मला घरबसल्या दिसायचं. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. चिमणी मात्र जेवताना माझ्यावरच हात पुसायची.

त्या घरात बाबांचा हात उठायचा. कारण काहीही पुरायचं. माझी काच तडकली ती अशाच एका संध्याकाळी. त्यांनी मला आईच्या अंगावर फेकलं होतं.

एके सकाळी बाबा कामावर गेले आणि आई चिमणीला घेऊन निघून गेली. एक बॅग, बस्स. तिने नंबर बदलला, गाव बदललं, पत्ता कोणालाच सांगितला नाही. नवा नंबर फक्त नणंदेजवळ होता. मी टीव्हीखालच्या खणात राहिलो. इतकं जपून सगळं करणाऱ्या त्या बाईच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. खातं जुनंच होतं, आणि ते माझ्यात अजून उघडं होतं.

परवा दुपारी चार्जर शोधताना मी बाबांच्या हाती लागलो. त्यांनी मला चार्जिंगला लावलं. घरातलं वायफाय माझ्या ओळखीचंच. झालं! फोटो धडाधड उतरायला लागले. समोरचा दात पडलेली चिमणी. नव्या खिडकीत बसलेली चिमणी. शाळेच्या फाटकापाशी उभी, मागे शाळेची पाटी, पण अर्धी तिच्या दप्तराआड गेलेली. बाबा दोन बोटांनी ती पाटी मोठी करत बसले. घाम फुटायची सोय असती तर मला दरदरून फुटला असता.

त्यांची धाकटी बहीण, चिमणीची आत्या, तेव्हा घरात होती. त्यांनी तिला पाटी दाखवली. आणखी एखादा फोटो येऊ दे, मग बघतोच तिच्याकडे, म्हणाले. आत्याने मला हातात घेतलं. मग, पोरीला बघते जरा, असं म्हणत मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिने नळ मोठा सोडला आणि फोन लावला.

"वहिनी, तुमचं खातं इथल्या टॅबवर उघडं आहे. सगळे फोटो दादाला दिसतायत. पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. आत्ताच्या आत्ता."

 पलीकडून आई म्हणाली, "शाळेचं नाव दिसतंय?"

"अर्धं. तुम्ही आधी त्याला बाहेर काढा."

त्याला म्हणजे मला. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण मनातून मीही म्हणत होतो, काढ गं बाई, लवकर काढ.

फोटो गेले. फाटक गेलं, खिडकी गेली, पडलेला दात गेला, आणि त्यांच्याबरोबर पहिलं पाऊलसुद्धा गेलं. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट उरली. बाबांनी येऊन चिमणीचं नाव टाकून पाहिलं, वाढदिवस टाकून पाहिला. काही चालेना. काय केलंस याला, म्हणून त्यांनी आत्याला विचारलं.

"जुना झालाय रे, दादा," ती म्हणाली. ओले हात तिने ओढणीला पुसले.

तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. घर सोडाल, फोन बदलाल, जुनी वस्तू कोणाला देऊन टाकाल, तेव्हा तुमचं खातं अजून कुठे कुठे उघडं आहे ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. आमच्यासारख्यांना तिथून काढून टाका, दयामाया दाखवू नका. आम्ही वाईट नसतो हो, पण आम्हाला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या हातात असू त्याला दाखवतो.

बाबा अजून अधूनमधून मला उघडून बसतात. सांग, कुठे आहे ती, असं पुटपुटतात. आणि आता मला खरंच माहीत नाही.