देवी पायी आली

"दोर कोण धरणार?" वीर्राजु बावांनी पुन्हा विचारलं, तसा त्यांचा धाकटा भाऊ सत्तिबाबु खेकसला, "अण्णा, तिकडे बापाला घरघर लागलीय नि तुला दोराचं पडलंय!"

बावा म्हणजे माझ्या सौभाग्यम अक्काचे यजमान. आमची नाटक मंडळी घरचीच आणि आमच्या मुली मंडळी सोडून नांदायला जात नाहीत. अक्कावर जीव जडला म्हणून गोदावरीकाठच्या तालेवार शेतकऱ्याचा हा थोरला मुलगा घरजावई झाला. बापाने त्याच दिवशी त्याच्या नावाने आंघोळ केली.

नटाचं काम बावांना जमलं नाही, तेव्हा त्यांनी दोर धरला. अक्का देवी होऊन आभाळातून उतरते ती त्यांच्या हातांवर. जत्रेला लोक येतात ते तेवढं बघायला. एकदा दोर माझ्याकडे दिला होता, तर देवी धाडकन तबल्यावर आली. तेव्हापासून मी दुष्ट राजाच.

"मामंजींनी बोलावलंय?" रंगवलेल्या तोंडाने अक्का बाहेर आली.

"सकाळपासून अण्णाचंच नाव घेतायत, वहिनी."

"मग निघा तुम्ही."

"खेळ संपला की जातो," बावा म्हणाले. "देवी उतरली नाही तर लोक मंडप डोक्यावर घेतील."

"घेऊ देत. माझ्यासाठी बाप सोडलात, ते आजवर सलतंय मला. आज तुम्हाला अडवलं तर हा मुकुट कुठल्या तोंडाने घालू?"

तिने केळीच्या पानात चिंचेचा भात, पुळिहोरा, बांधून दिला. बावा सत्तिबाबुच्या मोटरसायकलवर मागे बसले, तरी मान वळवून मंडपाकडेच बघत होते. एवढा निष्ठेचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

देवीची वेळ झाली. घंटा वाजली, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि अक्का पडद्यामागून चालत आली.

"काय गं आई, विमान चुकलं वाटतं?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. "पैसे परत द्या!" दुसरा बोंबलला.

अक्का अगदी पुढे आली आणि देवीच्या नाही, स्वतःच्या आवाजात बोलली, "मला खाली उतरवणारा माणूस आज बापाच्या उशाशी गेलाय. मीच धाडलंय. पायी आलेली देवी ज्याला नको असेल त्याने खुशाल उठावं."

तिने पदाला सूर लावला. आत मला रडू आवरेना, चिकटवलेली मिशी सुटून हातात आली. बाहेर मात्र एकही माणूस उठला नाही.