जाळीची टोपी

नकली केस गोंदाने चिकटवायचे, तर आधी डोक्यावर जाळीची टोपी चढवायची, म्हणजे खालचे केस वाचतात. आफ्रिकेतल्या कुमासी शहरातल्या आपल्या सलूनमध्ये सेरवा हे हाताखालच्या पोरींना ओरडून ओरडून शिकवायची. पण त्या शनिवारी, तिकडच्या रीतीप्रमाणे केस सजवून अंत्यविधीला जाणाऱ्या बायकांची रांग लागली, टोप्या संपल्या, आणि आफ्राकोमा मावशींच्या केसांवर तिने सरळ गोंद लावला. अंत्यविधी मावशींच्याच नवऱ्याचा होता.

महिन्याने मावशी परत आल्या. त्यांनी डोक्यावरचं काळं फडकं सोडलं. कपाळावरचे केस मुळासकट गेले होते, बोटभर जागा तुळतुळीत झाली होती.

"दुःखाने गळतात म्हणे," मावशी म्हणाल्या. "जन्मभर त्या माणसाशी भांडले गं मी. लोकांना वाटायचं, हिची माया नव्हतीच. आता चर्चमधल्या बायका हे बघून गप्प झाल्यात."

गोंदाचं खरं कारण सेरवाच्या ओठांवर आलं होतं, पण मावशी आरशात त्या जागेवरून हळूच बोट फिरवत होत्या. तिने एकावर एक दोन टोप्या चढवल्या.

"मागच्या वेळी घातली होतीस का गं ही?"

"घातली होती की, मावशी," सेरवा म्हणाली.