उर्पो तळ्यावर थांबला तेव्हा

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

आमचा शेजारी उर्पो बर्फावर पळणारी नवी स्नोमोबाइल घेऊन आला आणि माझ्या म्हाताऱ्याच्या जुन्या स्नोमोबाइलला हसला. "काय वेइक्को, हे शिवणयंत्र तळ्यावर चालतं होय?"

"हलकी आहे ती. तुझ्यासारखी सुटलेली नाही," वेइक्को म्हणाला.

दोघं गोठलेल्या तळ्यावर सुसाट निघाले, मी वेइक्कोच्या मागे बसलेली. मधोमध उर्पो आम्हाला वाकुल्या दाखवायला थांबला आणि तिथेच चुकला. तळ्याच्या बर्फावर, भुसभुशीत हिमाखाली साचलेलं पाणी वरून दिसत नाही. त्यात गाडी थांबली की रुतलीच. उर्पोची रुतली. तो मांड्यांपर्यंत गार पाण्यात. पाय गोठायला कितीसा वेळ लागतो? आम्ही थांबलो असतो तर आम्हीही अडकलो असतो.

"वेग सोडू नका हो!" मी ओरडले.

वेइक्कोने त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. पाणी आमच्या गाडीखाली चुबुक चुबुक वाजत होतं. तिसऱ्या फेरीला मी उर्पोची कॉलर धरली आणि त्याला गाडीवर आडवा ओढला. किनाऱ्यापर्यंत तो "आई गं, मेलो" म्हणून रडत होता.

बरं, एवढं एक मी घुसडलं. रडत मीच होते. उर्पो तर दातखीळ बसून गप्प पडला होता.