मडगावनंतरचा सामना

"गुडघा सुजून राहिला तुमचा. कायले खेळता जी?" क्रेप बँडेज गुंडाळता गुंडाळता रेणूनं नवऱ्याला विचारलं.

"वीसच मिनिटं," अंकुश म्हणाला.

जवाहरनगरच्या मैदानावर लाखनीच्या पोरांशी फुटबॉलचा मैत्रीचा सामना होता. बालमित्र चंद्रकुमार समालोचनासाठी माईक धरून बसला होता. तिथूनच ओरडला, "अंक्या, सोळा वर्षांत गोल किती मारले सांगू बे?"

"सात."

"सातच? सत्तर सांगून देतो. कोण मोजून राहिलं?"

"सातच सांग. मी मधात खेळत होतो. बॉल पुढच्याले देणं, हेच माहं काम."

कोलकाता, शिलाँग, गोवा, कोझिकोड, पुन्हा कोलकाता. नऊ क्लब झाले. कुणाचा खेळाडू जायबंदी झाला की अंकुशला फोन यायचा, आणि तो बरा झाला की अंकुश बॅग भरायचा. भाड्याच्या खोल्यांत तो बंगाली शिकला, मोडकीतोडकी कोकणी शिकला. संघाच्या फोटोत बहुधा कडेला उभा असायचा. पण खेळण्याचा पगार घेणारा गावातला तो एकटाच.

वडील गुलाबराव इथल्याच फॅक्टरीत नोकरीला होते. रजा काढून ते एकदाच सामना बघायला गेले, मडगावला. अंकुश त्या दिवशी राखीव होता. नव्वद मिनिटं तो रेघेलगत पळून अंग गरम करत राहिला. प्रशिक्षकानं हाक मारलीच नाही. परतताना स्टेशनवर गुलाबराव एवढंच म्हणाले, "ग्राउंड मस्त हाये पण." त्याला अकरा वर्षं झाली. आणि आता डॉक्टरनं खेळणंच बंद करायला सांगितलं होतं.

गुलाबराव डोक्याला दुपट्टा बांधून रेघेजवळच्या खुर्चीत बसले होते. शिट्टी वाजली.

अंकुशला पळवत नव्हतं. पण चेंडू येणार तिथं तो आधीच उभा असायचा. एका स्पर्शात वळायचा, चेंडू पुढच्याच्या पायात द्यायचा, आणि कुणाचं लक्ष नसताना रिकाम्या जागेत सरकायचा. वीस मिनिटं झाली. रेणूनं हात हलवला. त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मध्यंतरालाच लंगडत बाहेर आला आणि वडिलांच्या खुर्चीपाशी गवतात बसला.

"बॉल याच्या आंधीच तू मांगं पाहून घेतेस," गुलाबराव म्हणाले.

"हो बाबा. आपला माणूस कुठं हाये, ते पाहून ठेवा लागते."

"गोव्यालेही असाच खेळत होता?"

"असाच."

गुलाबरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडून मांडीवर घेतला. "मंग बरोबर खेळत होता तू."

अंकुशनं मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. त्या लवकर सुटेनात.

सामना संपला, पोरं पांगली. क्वार्टरकडे जायची वाट मैदानातूनच होती. गुलाबराव मुलाच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. चुन्याच्या रेघेपाशी आल्यावर ते थांबले. वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि मग आत पाय ठेवला.